नाकारता न येणाऱ्या शक्यता

इंग्रजी व्याकरणात शक्यता सांगण्याचे जे मार्ग आहेत, त्यांतला सर्वांत निर्धोक मार्ग दोन तुकडे जोडून तयार होतो. पहिला तुकडा 'मे', 'माइट', 'कॅन', 'कुड' यांसारख्या साहाय्यक क्रियापदाचा. व्याकरणकार त्यांना वृत्तिवाचक क्रियापदे म्हणतात, कारण ती घटना सांगत नाहीत, घटनेबद्दल बोलणाऱ्याची वृत्ती, म्हणजे त्याची खात्री, शंका, परवानगी किंवा सक्ती, तेवढी सांगतात. दुसरा तुकडा 'टू बी डन', 'टू बी सीन' अशा कर्मणी धातुरूपाचा, ज्यात काम कोणी केले हे सांगण्याची जबाबदारी वाक्यावरून उतरवलेली असते. हे रूप वृत्तिवाचक क्रियापदामागे आले की त्यातला 'टू' गळून पडतो आणि 'मे बी डन' असा सुटसुटीत ऐवज हाती राहतो. पहिला तुकडा घटनेची खात्री काढून घेतो, दुसरा तिचा कर्ता काढून घेतो, आणि एवढे गेल्यावरही वाक्य कोसळत नाही, उलट ते अधिकृत वाटू लागते. 'द ट्रेन मे बी डिलेड' हे वाक्य कोणत्याही प्रवाशाला खोटे पाडता येणार नाही, कारण गाडी उशिरा आली तर ते खरे ठरते, वेळेवर आली तरी खरेच राहते, आणि आलीच नाही तर प्रवाशाचे लक्ष व्याकरणावर उरत नाही.

या वाक्यरचनेचा अभ्यास ऑक्सफर्डमध्येही करता येईल. पण तिथे उदाहरणे पुस्तकातून शोधावी लागतात आणि मनमाडला ती फलाटावर आयती मिळतात. नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातले हे गाव मुंबई–भुसावळ मार्गावर आहे, १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाल्यापासून त्याला दुसरा फाटा फुटला, आणि १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखातून औरंगाबादमार्गे आलेला मीटरगेज मार्ग इथे येऊन टेकला, तेव्हा तिसराही फुटला. ज्या स्थानकात एकाच दिशेने गाडी येते, तिथे उशिराचे कारण एकच असू शकते. जिथे भुसावळ, मुंबई, दौंड आणि नांदेड अशा चारही अंगांनी गाड्या येतात, तिथे प्रत्येक उशिराला दुसऱ्या गाडीचा उशीर हे कारण देता येते आणि त्या दुसऱ्या गाडीला तिसऱ्या गाडीचे. जंक्शन या संस्थेची ही वैचारिक बाजू रेल्वेच्या इतिहासात फारशी नोंदवलेली दिसत नाही.

वृत्तिवाचक क्रियापदांचे वर्तन मुळातच संशयास्पद असते. ती तृतीयपुरुषी एकवचनाचा 'स' घेत नाहीत, त्यांना स्वतःचे धातुरूप नसते, प्रमाण इंग्रजीत ती दोघे मिळून एका क्रियापदापुढे उभी राहत नाहीत, आणि 'कुड', 'माइट' ही त्यांची तथाकथित भूतकाळी रूपे भूतकाळाऐवजी बहुतेक वेळा अधिक भित्री शक्यता सांगण्यासाठी वापरली जातात. त्यातही 'मे'ची कहाणी करुण आहे; जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ सामर्थ्य असणे असा होता, म्हणजे जो 'मे' म्हणे त्याच्या अंगी ते करण्याचे बळ असे, आणि पुढे शतकानुशतके झिजत झिजत हे क्रियापद असे झाले की आता ते उच्चारणाऱ्याच्या हातात काहीच नाही, हे त्यावरून ओळखावे. नकार जोडला की गोंधळ वाढतो. 'मे नॉट बी क्रॉस्ड' या शब्दसमूहाचा अर्थ 'ओलांडण्यास परवानगी नाही' असा होतो, आणि 'कदाचित ओलांडला जाणार नाही' असाही होतो. रूळ ओलांडण्याबाबतचा फलक पहिल्या अर्थाने लावलेला असतो, पण सकाळी सहाच्या सुमारास मनमाडहून मुंबईकडे निघणारी पंचवटी एक्स्प्रेस गाठण्यासाठी धावणारी मंडळी पाहिली, की पहिला अर्थ कोणी वाचलेला नाही आणि दुसरा अर्थ वस्तुस्थितीला धरून नाही, असे दोन्ही निष्कर्ष एकदम निघतात.

कर्ता गाळण्याची सवय इंग्रजीला किती जडली आहे, हे भारतीय रेल्वेच्या घोषणांत कान देऊन ऐकल्यास कळते. हिंदी घोषणा उशिराची बातमी देऊन शेवटी 'हमें खेद है' म्हणते, म्हणजे खेद कोणाला होतो ते निदान सर्वनामाने तरी सांगते. इंग्रजी घोषणा मात्र झालेल्या गैरसोयीबद्दल 'डीपली रिग्रेटेड' एवढेच म्हणून थांबते, त्यामुळे खेद तर खोल आहे, पण तो कोणाच्या काळजात आहे याचा पत्ता लागत नाही. एकाच ध्वनिवर्धकातून, एकाच गाडीबद्दल, लागोपाठच्या दोन वाक्यांत ही तफावत पडते, आणि तरीही दोन्ही भाषा समजणारा प्रवासी दोन्ही घोषणांकडे सारख्याच निष्ठेने दुर्लक्ष करतो.

याच रेल्वेच्या हद्दीत कर्मणी धातुरूपाचा अत्यंत नेमका वापरही आढळतो, हे सांगितले नाही तर त्या रूपावर अन्याय होईल. मनमाडजवळ पानेवाडी परिसरात इंधन कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, आणि इंधनाच्या टाक्या वाहणाऱ्या वाघिणींच्या अंगावर ठळक अक्षरांत 'नॉट टू बी लूज शंटेड' असे रंगवलेले असते. लूज शंटिंग म्हणजे इंजिनाने वाघिणीला धक्का देऊन सोडून द्यायचे आणि तिने आपल्या वेगाने घरंगळत ठरलेल्या रुळावर जाऊन दुसऱ्या वाघिणीला भिडायचे. आत गहू असेल तर या भिडण्याने फारसे बिघडत नाही, पेट्रोल असेल तर पुष्कळ बिघडते. या चार-पाच शब्दांत 'मे' नाही, 'माइट' नाही, कर्ताही नाही, तरी प्रत्येक शंटरला आज्ञा आपल्यालाच आहे हे बरोबर कळते. 'टू बी' या रूपाच्या अंगी असे दोन स्वभाव असतात. उघड्यावर एकटे ठेवले तर ते हुकूम सोडते किंवा 'नोव्हेअर टू बी सीन' म्हणून गाडी दिसत नसल्याची स्वच्छ साक्ष देते. त्याच्या पुढ्यात 'मे' किंवा 'लाइकली' आणून बसवले की त्याच रूपाची जीभ जड होते. स्फोटाची भीती असेल तिथे व्याकरण सरळ होते, असा एक ढोबळ नियम यावरून मांडता येईल, आणि ज्या फलकांवर व्याकरण सरळ नाही तिथे कोणाला कशाची भीती नाही, हा त्याचा उपनियम.

आता मराठीकडे. 'कर्मणी प्रयोगाचे हे खूळ इंग्रजांनी आणले, मूळची मराठी कशी ठणठणीत कर्तरी होती' असे म्हणणारा एक वर्ग आहे, आणि त्याचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. 'रामाकडून रावण मारला गेला' या थाटाच्या रचनेला आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांतच नवीन कर्मणी म्हटले जाते आणि तिच्या नवेपणाचे खापर इंग्रजीवर फोडले जाते, हे खरे. पण जुन्या मराठीत 'करिजे', 'बोलिजे' अशी कर्मणी रूपे भरपूर होती, आणि ती गेली म्हणावीत तर दिवसातून शंभर वेळा तोंडी येणारे 'म्हणजे' हे त्यांतलेच एक आहे. 'पाहिजे' हे तर त्याहून बिलंदर निघाले. 'पाहणे' या साध्या क्रियापदाचे हे जुने कर्मणी रूप, आणि आज ते मराठीतले सर्वांत हुकमी वृत्तिवाचक पद होऊन बसले आहे. म्हणजे इंग्रजी ज्यासाठी दोन-तीन शब्द एकापुढे एक जोडते, ती वृत्ती आणि तो कर्मणीपणा मराठीने एकाच शब्दात मुरवून टाकला, आणि मनमाडच्या फलाटावर 'चहा पाहिजे' म्हणणाऱ्या गृहस्थाला आपण केवढा भाषिक वारसा चालवत आहोत याची गंधवार्ताही नसते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. या परंपरेतून शाळेपर्यंत झिरपलेल्या संज्ञांत 'शक्य कर्मणी' ही एक मोठी गोड संज्ञा आहे. क्रियापदाच्या पोटातच शक्यता शिरली, म्हणजे 'चढणे'चे 'चढवणे' झाले आणि कर्त्याला 'च्याने' लागले, की तो शक्य कर्मणी प्रयोग. या एका संज्ञेचा मुक्काम मनमाड स्थानकातील पादचारी पुलावर हलवला, तर मराठीची सगळी शक्यताव्यवस्था त्या जिन्याच्या पायऱ्यांवर उभी दिसते. 'आजीच्याने जिना चढवत नाही' असे नातू म्हणतो, तेव्हा अडचण आजीच्या गुडघ्यात असते आणि नातवाच्या स्वरात माया असते. 'जिना चढता येत नाही' असे कोणी परत येऊन सांगतो, तेव्हा अडचण जिन्याकडे सरकलेली असते, म्हणजे तिथे एकतर दुरुस्ती चालू आहे किंवा वरून आख्खी गाडी उतरते आहे. 'आजी जिना चढू शकत नाही' हे डॉक्टरांचे किंवा सुनेचे वाक्य. त्यात निदान आहे, माया किती आहे ते प्रसंगावर अवलंबून. आणि 'सदर जिना चढला जाऊ शकत नाही' असे कागदावर आले, की आजीही गेली, गुडघाही गेला, दुरुस्ती करणाराही गेला, आणि जगात एक जिना आणि एक अशक्यता एवढेच शिल्लक राहिले. पहिली तीन वाक्ये मराठी माणसाला जन्मतः येतात. चौथे येण्यासाठी शासकीय नोकरीत लागावे लागते किंवा इंग्रजी माध्यमात शिकावे लागते.

दुसऱ्या वाक्यातली 'ता येणे' ही रचना या साऱ्यांत मनमाडला सर्वांत जवळची म्हणावी लागेल, कारण चौकशीच्या खिडकीवर मिळणारे 'काही सांगता येत नाही' हे उत्तर तिच्यावरच उभे आहे. या उत्तरात कर्ता नाही, त्यामुळे न सांगण्याचा दोष सांगणाऱ्याकडे जात नाही; नकार आहे, पण तो माहितीला नसून सांगण्याला आहे; आणि 'काही' या पदामुळे गाडीचा फलाट, वेळ, डब्यांचा क्रम आणि मानवी जीवन या सर्वांचा एकदम समावेश होतो. खिडकीपाशी उभ्या असलेल्या प्रवाशाच्या मोबाइलमध्ये गाडी या क्षणी कुठे आहे हे दाखवणारे ॲप उघडलेले असते, तरी तो विचारतोच, आणि उत्तर ऐकून झाल्यावर ॲपकडे जरा संशयाने पाहू लागतो.

खिडकीवर जे सांगता येत नाही, ते चहाच्या टपरीवर सांगता येते, आणि तिथली परिभाषा इंग्रजीच्या 'मस्ट', 'शुड', 'मे', 'माइट' या उतरंडीपेक्षा बारीक आहे. 'येतेच आहे' याचा अर्थ गाडी अजून कोणाला दिसलेली नाही, पण चहा घ्यायला वेळ आहे. 'येईल' म्हणजे आज येईल. 'यायला हवी' यात वेळापत्रकाबद्दलचा आदर असून वस्तुस्थितीबद्दल मौन आहे. 'येईल बहुतेक' ऐकल्यावर अनुभवी माणूस पिशवी खाली ठेवतो, आणि 'आली तर येईल' ऐकल्यावर पिशवीवर बसतो. हे शेवटचे वाक्य तर्कशास्त्रात स्वयंसत्य म्हणून गणले जाईल, म्हणजे ज्याच्या खरेपणासाठी जगाकडे पाहण्याची गरजच नाही असे विधान. तरीही त्यातून नेमकी माहिती मिळते, आणि ती कशी मिळते याचा उलगडा तर्कशास्त्राने अद्याप केलेला नाही.

शक्यतेच्या शब्दांना आकडे चिकटवण्याचा प्रयत्न मोठमोठ्या संस्थांनी करून पाहिला आहे. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याच्या संभवाबद्दल एक अहवाल लिहिला, आणि त्यात हा हल्ला 'शुड बी कन्सिडर्ड अ सीरियस पॉसिबिलिटी', म्हणजे गंभीर शक्यता मानली जावी, असा निष्कर्ष काढला. वृत्तिवाचक क्रियापद आणि त्यामागे कर्मणी धातुरूप ही आपली ओळखीची जोडी तिथेही हजर होती. अहवालाच्या कर्त्यांपैकी एक, शर्मन केंट, यांच्या मनात हल्ल्याची शक्यता ६५ टक्के होती. पुढे त्यांनी अहवालाच्या शब्दांना संमती देणाऱ्या सहकाऱ्यांना प्रत्येकाच्या मनातला आकडा विचारला, तेव्हा उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. एका वाक्यावर सर्वांचे एकमत झाले होते, आणि ते वाक्य प्रत्येकाचे वेगळे होते. केंट यांनी या विषयावर १९६४ साली निबंध लिहून शब्दांना टक्केवारी ठरवून द्यावी असे सुचवले. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या अहवालांत हे काम निगुतीने केलेले आहे. तिथे 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९० टक्के. रेल्वेच्या 'लाइकली टू बी डिलेड'ला हे कोष्टक लावायचे म्हटले, तर आधी किती उशिराला उशीर म्हणायचे इथपासून सुरुवात करावी लागेल. त्या बाबतीत परताव्याचा नियमच अधिक स्पष्टवक्ता आहे: गाडी तीन तासांहून अधिक उशिराने असेल आणि प्रवाशाने प्रवास केला नाही, तर रीतसर अर्ज केल्यावर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. तेव्हा पावणेतीन तास उशीर झालेल्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत दोन तट पडतात. एकाला गाडी लवकर यावीशी वाटते, आणि दुसरा, ज्याचे कामही आता बुडालेलेच आहे, पंधरा मिनिटांसाठी देवाला साकडे घालतो.

भारतीय हवामान विभागाच्या भाषेतही 'तुरळक ठिकाणी' या शब्दांना नेमका अर्थ आहे. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तेव्हा ते वापरतात, आणि ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर 'बहुतांश ठिकाणी' म्हणतात. मनमाड पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येत असल्यामुळे तिथल्या माणसाचा या परिभाषेशी संबंध थोडा दुरूनच येतो. तुरळक ठिकाण म्हणजे दुसऱ्याचे गाव, अशी तिथली व्यवहारी व्याख्या आहे, आणि जवळच्या अंकाई-टंकाई किल्ल्यांच्या माथ्यावर ढग टेकलेले पाहूनही छत्री घरीच ठेवण्याचे धैर्य त्या व्याख्येतून येते.

पावसापेक्षा नळाची शक्यता जास्त गुंतागुंतीची आहे. मनमाडला पिण्याचे पाणी अनेक वर्षे वागदर्डी धरणातून मिळत आले, आणि धरणात पुरेसे पाणी येण्यासाठी पालखेड कालव्याचे आवर्तन, म्हणजे कालव्यातून ठरावीक मुदतीसाठी सोडायचे पाणी, पाटोद्याच्या साठवण तलावात यावे लागे आणि तिथून उपसून धरणात टाकावे लागे. ही सगळी साखळी जुळूनही उन्हाळ्यात घरच्या नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांआड यावे, हे या गावाने वर्षानुवर्षे पाहिले आहे. इथे मराठीतील एक बारीक भेद कामाला येतो. 'पाणी सुटले' आणि 'पाणी सोडले' या दोन वाक्यांपैकी पहिल्यात पाणी जणू आपल्या मर्जीने निघते, दुसऱ्यात कोणीतरी चावी फिरवतो. गाडीही 'सुटते', आणि ती कोणी सोडली हे गार्डशिवाय कोणी विचारत नाही. त्यामुळे मनमाडकरांना दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदाने समजून घेण्याची सवय लागली आहे. पाणी सुटले की ते कोणी सोडले याची चौकशी होत नाही, सगळे घर हंडे, पिंपे, बादल्या, पातेली आणि शेवटी चहाचे भांडेही भरून घेण्यात गुंतलेले असते. पाणी सुटत नाही तेव्हाच मात्र 'कोण सोडत नाही' हा सकर्मक प्रश्न गल्लीत उभा राहतो. उत्तरादाखल 'तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा विलंबाने करण्यात येण्याची शक्यता आहे' अशा धाटणीची सूचना निघते, आणि तिची रचना सावकाश पाहण्यासारखी असते: 'पुरवणे' या क्रियापदाचे आधी नाम झाले, मग 'करण्यात येणे' या कार्यालयीन कर्मणीत ते बसवले, मग त्याचे पुन्हा नाम करून शक्यतेच्या ताब्यात दिले. तीन वेळा गाळून घेतल्यामुळे या वाक्यात कर्त्याचा कणही उरत नाही. पाण्याला एवढी गाळणी मिळाली असती तर उकळण्याची गरज पडली नसती.

मराठी वृत्तपत्रांनी या क्षेत्रात स्वतःची जी भर घातली आहे, ती म्हणजे 'शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य. इंग्रजीचे 'कॅनॉट बी रूल्ड आऊट' त्याच्या मागे उभे असेलही, पण मराठीत येऊन त्याने जे बाळसे धरले आहे ते पाहून मूळ वाक्यालाही ओळख पटणार नाही. यात शक्यता आहे, तिला नाकारण्याची कल्पना आहे, ती कल्पना अशक्य आहे, आणि ही अशक्यता कोणाची हे गुलदस्त्यात आहे; म्हणजे बातमीदाराला शक्यता मांडायची नसते आणि खोडायचीही नसते, तेव्हा तो दोन्ही न करण्याचे काम कर्मणीकडे सोपवतो. निवडणुकीच्या काळात एखाद्या उमेदवाराच्या पक्षांतराची शक्यता महिनाभर नाकारता येत नाही, मग तो पक्षांतर करतो, आणि लगेच त्याच्या परत येण्याची शक्यता नाकारता येईनाशी होते. याच्या अगदी उलट टोकाला पोलीस ठाण्यातली मराठी असते. फलाटावरून पिशवी नाहीशी झाली, तर प्रवासी 'पिशवी चोरीला गेली असावी' म्हणतो, इंग्रजीत 'मे हॅव बीन स्टोलन' म्हणेल, आणि दोन्हीकडे चोर वाक्याबाहेर सुखरूप असतो. फिर्याद मात्र 'कोणीतरी अज्ञात चोरट्याने लबाडीच्या इराद्याने, संमतीवाचून चोरून नेली' असे सांगते. चोर सापडलेला नाही, कधी सापडेल ते सांगता येत नाही, पण व्याकरणात त्याला पहिल्या ओळीतच पकडून कर्त्याच्या जागी उभा केलेला असतो, आणि ज्याला कोणी पाहिलेले नाही त्याच्या इराद्याचीही नोंद झालेली असते.

याच गावात एकदा, 'असू शकते' किंवा 'मानले जाते' यांचा आधार न घेता, काही गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या, हे विषयाच्या ओघात नोंदवणे भाग आहे. १९३८ सालच्या फेब्रुवारीत, १२ आणि १३ तारखेला, जी. आय. पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली, आणि अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगून ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही अशी त्यांची नावे घेतली. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तत्त्वांचा नकार, अशी व्याख्याही त्यांनी जोडली. शत्रू कोण, किती, आणि संज्ञेचा अर्थ काय, हे तीनही मुद्दे कर्तरीत आले. रेल्वेच्या आवारात एवढे निश्चित विधान त्यानंतर किती वेळा झाले असेल, याचा अंदाज बांधणे मात्र शक्यतेच्या प्रांतात मोडते.

निश्चिततेची आणखी एक परीक्षा मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाच्या निमित्ताने चालू आहे. या मार्गाची मागणी इतक्या दशकांची आहे की तिच्याबद्दलची मराठी क्रियापदे 'होणार'वरून 'होईल', 'होईल' वरून 'व्हायला हवा' आणि तिथून 'झाला तर होईल' अशी क्रमाक्रमाने खाली उतरत आली होती. २०१८ साली सामंजस्य करार झाला तेव्हा मार्गाची लांबी ३६२ किलोमीटर सांगितली जात होती. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मंजुरी दिली, तेव्हा लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये आणि पूर्ततेचे वर्ष २०२८-२९ असे आकडे आले, म्हणजे एकही रूळ पडण्यापूर्वी इंदूर ५३ किलोमीटर जवळ आले. हा वेग कायम राहिला तर मार्ग बांधण्याची गरज पडणार नाही, असा तर्क टपरीवर लढवला जातो; पण आकडे छापील आहेत, वर्षही छापील आहे, आणि 'टू बी कम्प्लीटेड' हे कर्मणी धातुरूप या वेळी 'मे'वाचून आले आहे, ही जमेची बाजू.

'मे' पूर्णपणे गेलेला मात्र नाही. तो कायद्यात जाऊन बसला आहे, आणि तिथे त्याची तब्येत उत्तम आहे. रेल्वे कायदा १९८९ यात २००८ साली जे भूसंपादनाचे प्रकरण घातले गेले, त्यानुसार विशेष रेल्वे प्रकल्पासाठी जमीन हवी असल्यास केंद्र सरकार 'मे' अधिसूचना काढून आपला इरादा जाहीर करते. इथला 'मे' शंका व्यक्त करीत नाही. तो ते जुने, सामर्थ्य सांगणारे क्रियापद आहे, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतून जसेच्या तसे जपून ठेवलेले, आणि त्याच्या जोरावर गट नंबर आणि क्षेत्रफळ घालून जमिनीची यादी राजपत्रात येते. त्याच प्रकरणात ज्याची जमीन जाणार आहे त्या शेतकऱ्यालाही हरकत घेण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि तोही 'मे' या क्रियापदानेच दिलेला आहे. फरक इतकाच, की शेतकऱ्याच्या 'मे'पुढे लगेच ३० दिवसांची मुदत लिहिलेली असते, आणि ती तीसच दिवसांची असते, अंदाजे नसते.